शांतिदूत, मध्यस्थ आणि सलोख्यातला दोरा

ठाण्याच्या एका शिक्षिकेनं विचारलं आहे: 21 सप्टेंबरच्या जागतिक शांतता दिनासाठी सातवीची मुलं बुद्ध, गांधी, मंडेला यांच्यावर तक्ते करताहेत. मथळा 'शांतीदूत' की 'शांतिदूत'? भांडण मिटवणाऱ्याला याहून नेमका शब्द आहे का? शिवाय एका मुलानं विचारलंय, जगात खरंच शांतता नांदू शकते का?

पहिल्याचा निकाल चटकन लावू. शांतिदूत, ऱ्हस्व. सुटा शब्द 'शांती', पण समासाचं पहिलं पद झालं की तत्सम इकार ऱ्हस्वच राहतो, जसं शांतिपर्व, शांतिनिकेतन. घोडबंदर रोडवरचे फलक हा शुद्धलेखनाचा आधार नव्हे.

खरं तर मला तो शब्दच खुपतो. लढाई थांबवल्याचा दावा करणारा कुठलाही पुढारी शांतिदूत, समारंभात उडवलेलं कबूतरही शांतिदूत! दूत म्हणजे निरोप्या. कौटिल्यानं दूतांच्या तीन जाती सांगितल्यात: पूर्ण अधिकाराचा निसृष्टार्थ, नेमल्या कामापुरता परिमितार्थ आणि नुसतं पत्र पोचवणारा शासनहर. आपले बहुतेक शांतिदूत तिसऱ्या जातीचे. 1947 च्या जानेवारीत गांधीजी बंगालच्या दंगलग्रस्त नौखालीत गावोगाव अनवाणी फिरत होते, ते कुणाचा निरोप घेऊन? 'शांत'चंही तसंच. शम् म्हणजे निवणं, थांबणं, संपणं. यज्ञातला पशू मारणारा तो त्याच धातूवरून 'शमिता'. मराठीत दिवा शांत होतो, आणि शेजारचे आजोबा 'शांत झाले' म्हटलं की आपण चप्पल घालून निघतोच.

'मध्यस्थ' चांगला शब्द आहे, पण त्याचा अर्थ 'तटस्थ' असं बातम्यांतून रोज ऐकावं लागतं. गीतेच्या सहाव्या अध्यायात, नवव्या श्लोकात, उदासीन आणि मध्यस्थ वेगवेगळे मोजलेत. शंकराचार्य तिथं स्पष्ट सांगतात की कुणाचीच बाजू न घेणारा तो उदासीन. भांडणाऱ्या दोघांचंही हित बघणारा तो मध्यस्थ. काठावर बसणाऱ्याला मध्यस्थ म्हणू नका. 'शिष्टाई'बद्दल वेगळं सांगायला नको, कृष्णामुळे ती सगळ्यांना माहीत आहे.

आता खरा शब्द: सलोखा. जुन्या मराठी कागदांत 'सलूख' तह या अर्थी सर्रास येतो, सलोखा त्याचाच भाऊ. मूळ अरबी 'सुलूक'. त्याचा अर्थ वाटेनं चालणं, आणि त्यावरून वागणूक. हिंदीतलं 'सलूक' तेच. सूफी लोक साधनेच्या वाटेला सुलूक म्हणतात, वाटसरूला सालिक. याच धातूचा 'सिल्क' म्हणजे दोरा, तार. अरबीत बिनतारीला 'लासिल्की' म्हणतात, आणि उर्दूत एकात एक ओवलेलं, जोडलेलं ते 'मुन्सलिक'. म्हणजे सलोख्यात वाट आहे, वागणूक आहे आणि ओवणंही आहे. एवढा भरलेला शब्द घरात असताना आपण कबुतरं उडवतो!

सलोखा 'सुलह'वरून, म्हणजे समेट या अर्थाच्या अरबी शब्दावरून, आला असं छातीठोकपणे सांगणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. सुलहच्या घराण्यातून मराठीत 'सल्ला' आला, आणि जुन्या मराठीत सल्ला म्हणजे तहसुद्धा. त्यात कुठे ख दिसतो? क चा ख मात्र आपल्या तोंडात सहज होतो. फारसी 'कीसा'चा आपण 'खिसा' केला तसा. सुलहवाल्यांनी आधी ह चा ख करून दाखवावा, मग बोलू.

तह आणि सलोखा यांतला फरक ठाणेकरांना तरी कळायला हवा. 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला, आज जिथं मध्यवर्ती कारागृह आहे तो. पुढं सुरतचा तह 1775, पुरंदरचा 1776, वडगावचा 1779. तिन्ही कागदावरच राहिले, लढाई चालूच. चौथा 1782 चा सालबाईचा, तो मात्र टिकला. मराठे आणि इंग्रज पुन्हा भिडले ते थेट 1803 मध्ये. माझ्या मते कारण एकच: तो पाळला जाईल याची हमी दोन्ही बाजूंनी महादजी शिंद्यांवर टाकली होती. महादजी काही निःस्वार्थी नव्हते, गुजरातेतलं भडोच त्यांनी पदरात पाडून घेतलं. आणि साष्टी बेटासकट ठाणं इंग्रजांकडेच राहिलं, हेही मुलांना सांगा. पण वागणुकीला जामीन मिळाला, म्हणून त्या तहाचा सलूख झाला. बुद्ध-गांधींच्या रांगेत महादजींचा तक्ता लावायला मुख्याध्यापक तयार होतील का, ते तुम्ही बघा.

हं, त्या मुलाचा प्रश्न. त्याला फ्रान्स आणि जर्मनी नकाशात दाखवा. 1870, 1914, 1939, तीनदा एकमेकांच्या जिवावर उठलेले. 1951 मध्ये त्यांनी आणखी चार देशांसह आपला कोळसा आणि पोलाद, म्हणजे तोफांचाच कच्चा माल, एका सामाईक मंडळाच्या देखरेखीखाली ठेवला. तेव्हापासून त्या दोघांत युद्ध नाही. भांडणं आहेत, भरपूर आहेत. हे ओवणं झालं. सगळं जग असं ओवता येईल का, ते त्यानंच नकाशा बघून ठरवावं.

आणि कृपा करून तक्त्यावर 'लवाद' घालू नका. लवाद निवाडा देतो, मध्यस्थ देत नाही. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात झालेला समेट कोर्टाच्या हुकुमासारखा बजावण्याची तरतूद आहे, पण तो समेट करायचा दोन्ही पक्षांनीच. वाशीतल्या आमच्या सोसायटीत पार्किंगच्या वादावर कमिटीनं 'लवाद' नेमला आणि त्याला बजावलं की निर्णय देऊ नका, फक्त समजूत काढा!