लेगोत प्रिंटेड पीससाठी जास्त पैसे मोजावेत, की स्टिकरवर भागवावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय चौतीस, नोकरी पुण्यात, लेगोचा एक मोठा सेट घ्यायचाय. त्यात स्टिकरची भलीमोठी शीट आहे. परदेशातला एक विक्रेता त्याच डिझाइनचे प्रिंटेड पीस सुटे विकतो, पण त्यांचेच पैसे सेटच्या पाव किमतीएवढे होतात. घ्यावेत का? आणि एवढी किंमत लावूनही कंपनी छापून का देत नाही?

पहिल्याचं उत्तर: नका घेऊ. दुसऱ्याचं उत्तर मला नीट द्यायचंय, कारण यावरून आमच्या घरात बरीच वर्षं वाद चालू आहे आणि ‘छापायला असे कितीसे पैसे लागतात’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

भोसरी एमआयडीसीत माझं पॅड प्रिंटिंगचं जॉबवर्क आहे. स्विचवरची चिन्हं, मिक्सरच्या नॉबवरचे आकडे, पेनांवरची नावं, असली कामं. त्याच शेडच्या दुसऱ्या अर्ध्यात दादाचं लेबलचं काम चालतं: पॉलिस्टर, व्हिनाइल, डाय कटिंग. गिऱ्हाईक आधी माझ्याकडे रेट विचारतं, आकडा ऐकून पार्टिशनपलीकडे जातं आणि दादाला विचारतं, ‘याचं स्टिकर केलं तर?’ त्यामुळे लेगोवाले ज्या गोष्टीवरून हमरीतुमरीवर येतात ती माझ्या रोजच्या पोटापाण्याची गोष्ट आहे.

लेगोच्या पीसवरची छपाई प्रामुख्याने याच पद्धतीची. प्लेटवर डिझाइन कोरलेलं असतं, कोरीव जेमतेम 25 मायक्रॉन खोल. त्यात शाई भरते, ब्लेड वरची शाई पुसून काढतं, सिलिकॉनचा मऊ पॅड खाली येऊन कोरीवातली शाई उचलतो आणि पीसवर दाबतो. पॅड मऊ असल्यामुळे गोल डोक्यावरही चेहरा नीट बसतो. पीस एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकचे असतात (1963 पासून लेगो एबीएस वापरते), आणि एबीएसवर शाई छान धरते. पॉलिप्रॉपिलीनसारखं आधी ज्योत फिरवून घ्यावं लागत नाही.

आता खर्च बघा. शाईचा खर्च नगण्य असतो. पैसे जातात ते प्रत्येक रंगाच्या वेगळ्या प्लेटमध्ये, पीस जागच्या जागी धरणाऱ्या जिगमध्ये आणि सेटिंगच्या वेळात. चार रंग म्हणजे चार प्लेटा आणि चार वेळा जुळवाजुळव. पहिला नग भयंकर महाग पडतो, दहा हजारावा जवळजवळ फुकट. मग लेगोला काय अवघड आहे, ते तर लाखांत बनवतात, असं तुम्ही म्हणाल. दादाही हेच म्हणतो.

खरी मेख गोदामात आहे. साधा लाल 2×4 ठोकळा असंख्य सेटमध्ये जातो. त्यावर एका दुकानाचं नाव छापलं की तो त्या एकाच सेटचा झाला. त्याला नवा एलिमेंट नंबर, नवा डबा, पॅकिंगच्या लाइनवर नवी जागा. सेट बंद झाला की उरलेले पीस पडून राहतात. स्टिकरच्या एका शीटवर वीस डिझाइनं असली तरी हिशेबात ती एकच वस्तू. म्हणून तर कंपनीचे डिझायनर मुलाखतींत सांगतात की नवे साचे, नवे रंग, नवी छपाई यांचा प्रत्येक सेटला कोटा असतो आणि त्यातच भागवावं लागतं. झेक प्रजासत्ताकातल्या क्लाद्नोला त्यांचा मोठा कारखाना आहे, तिथे छपाई आणि पॅकिंग होतं. तिथल्या स्टोअरवाल्याची डोकेदुखी मला न बघता कळते. माझ्याकडच्या रॅकवर एका बंद पडलेल्या मॉडेलच्या छापलेल्या नॉबची पोती अजून आहेत.

तेव्हा ‘कंपनी चोर आहे’ हे खरं नाही. पण ‘परवडत नाही’ हेही सरसकट खरं नाही. 2017 चा मिलेनियम फाल्कन, म्हणजे स्टार वॉर्समधल्या यानाचा लेगो सेट, 7541 पीसचा, अमेरिकेत त्याची किंमत तेव्हा 799.99 डॉलर होती. त्याच्यासोबतची माहितीची पाटी स्टिकरची. काळ्या गुळगुळीत प्लेटवर एवढं मोठं स्टिकर एका दमात, बुडबुडा न येऊ देता बसवायचं, तेही इतके पैसे मोजणाऱ्याने. हे मला धंदेवाईक माणूस म्हणूनही पटत नाही. लोकांनी वर्षानुवर्षं ओरड केली आणि अलीकडच्या मोठ्या सेटमध्ये ही पाटी छापील येऊ लागली. म्हणजे जमत होतं.

आता आमच्या बसची गोष्ट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं.

मी लेगोची एसटी बांधली. लाल परी, मिनीफिगरच्या, म्हणजे लेगोच्या छोट्या माणसांच्या, मापाची, मागे शिडी, वर सामानाचं टप. सगळं सुट्या पीसमधून. अडलं ते पाटीपाशी. पाटीशिवाय ती नुसती लाल बस दिसत होती, एसटी वाटत नव्हती. आमचं गाव महाडच्या पुढे, त्यामुळे पाटी ठरलेलीच: ‘पुणे – महाड’, खाली बारीक अक्षरात ‘मार्गे भोर’. वरंधा घाटातून जाणारी. जगात कुणी हे छापून विकत नाही.

दादा म्हणाला, मी दहा मिनिटांत स्टिकर काढून देतो. मी म्हणालो, पाटी छापलेलीच लागणार. शेवटी ठरलं की डाव्या बाजूला त्याचं स्टिकर आणि उजव्या बाजूला माझा प्रिंट, म्हणजे एकदाचा निकाल लागेल.

पाटीसाठी काळी 1×6 टाइल घेतली, म्हणजे वर खुंट्या नसलेला गुळगुळीत पीस. साधारण 48 मिलिमीटर लांब आणि 8 मिलिमीटर रुंद, तेवढ्यात दोन ओळी. मोठी अक्षरं सहज आली. ‘मार्गे’ने मात्र घाम काढला. दीड-दोन मिलिमीटरच्या अक्षरात ‘र्गे’ म्हणजे वर मात्रा आणि रफार एकमेकांना चिकटून. शाई जरा सैल झाली की दोन्ही मिळून एक ठिपका होतो, आणि ‘भोर’मधल्या ‘भ’ची गाठ बुजून जाते. शाई घट्ट केली तर मे महिन्याच्या उकाड्यात ती पॅडवरच सुकते, टाइलवर उतरत नाही. प्लेट कमी खोल कोरून घेतली तेव्हा रफार सुटा झाला. पण कमी खोल म्हणजे शाई पातळ, आणि काळ्यावर पांढरी शाई एका हातात राखाडी दिसते. मग दुसरा हात मारायचा, अगदी पहिल्याच्या वर, केसभर न हलता. जिगमध्ये टाइल पक्की बसावी म्हणून तिच्या खालच्या पोकळीत बसेल असा वेगळा ठोकळा घासून घेतला. लेगोच्या गडद धडावर छापलेला फिकट रंग कधी कधी मळकट का दिसतो, त्याचं कारण हेच. मिनीफिगरच्या गळ्यापाशी बघा, चेहऱ्याच्या पिवळ्याशी छातीवरचा पिवळा जुळलेला नसतो. गडदावर फिकट छापणं हे आमच्या धंद्यातलं अवघडातलं काम.

दादाचं स्टिकर खरोखर दहा मिनिटांत झालं आणि सुबक झालं. पॉलिस्टरचं, वर लॅमिनेशन, कडेने केसभर जागा सोडून कापलेलं, म्हणजे नखात कड अडकू नये. ‘मार्गे भोर’ माझ्यापेक्षा स्वच्छ आलं होतं, हे मी त्याला तेव्हाही सांगितलं.

ती बस सोसायटीच्या गणपतीत हस्तकलेच्या टेबलावर ठेवली. पोरांनी हाताळली, कुणी मोदक खाल्लेल्या हाताने. पुढे ती घरी कपाटात गेली, अधूनमधून ब्रशने धूळ झाडायची. आज माझी बाजू जशी होती तशी आहे. दादाच्या बाजूला स्टिकरच्या चारही कडांना करडी रेघ आली आहे. गोंद कडेने जरासा बाहेर येतो आणि धूळ धरतो. एका कोपऱ्याने मान वर केली आहे. दादाचं म्हणणं, ‘त्यात काय, उपट आणि दुसरं लाव, शीट आहे माझ्याकडे.’ हा त्याचा हुकमी मुद्दा आणि तो निम्मा खरा आहे. निम्मा अशासाठी की ड्रॉवरमधली शीटही म्हातारी होते, गोंद जुना होतो. जुन्या सेटची न वापरलेली शीट ब्रिकलिंकवर, म्हणजे लेगोचे सुटे पीस विकणाऱ्या साइटवर, का महाग असते ते बघा. बदलता येतं, पण बदलायला मिळालं पाहिजे ना.

तर माझं मत. वस्तूची ओळख ज्या खुणेवर उभी आहे, ती खूण छापलेली पाहिजे आणि ते काम बनवणाऱ्याचं आहे, विकत घेणाऱ्याचं नाही. एसटीची पाटी, गाडीचे दिवे, मिनीफिगरचं तोंड. लेगोलाही हे पूर्वीपासून कळतं. 1978 मध्ये मिनीफिगर आल्या तेव्हा काहींच्या छातीवर स्टिकर होतं, चेहरा मात्र छापलेला. बाकी आत लपणारी पोस्टरं, मागच्या भिंतीवरचा नकाशा, डब्यावरचं लेबल यांना स्टिकर पुरतं. तिथे प्रिंटसाठी भांडणारे लोक मला समजत नाहीत. उलट तिथे स्टिकरच बरं: नको असेल तर लावू नका, पीस कोरा राहतो आणि उद्या दुसऱ्या कशात वापरता येतो. कोरा पीस मिळवण्याची ही सोय म्हणजे स्टिकरच्या बाजूचा मला मान्य असलेला सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि तो दादाला आजवर सुचलेला नाही.

लेगोच्या स्पीड चॅम्पियन्स मालिकेतल्या छोट्या गाड्या मात्र मी घेत नाही. दिव्यांपासून दारापर्यंत स्टिकर, आणि ते काढले तर गाडी कुठली ते कळत नाही. ज्यांना आवडतात त्यांनी घ्याव्यात.

तुमच्या विक्रेत्याबद्दल. सुटे प्रिंटेड पीस विकणारे बरेच जण यूव्ही मशीनवर (यूव्ही प्रकाशाने शाई सुकवणाऱ्या प्रिंटरवर) छापतात, पॅडवर नाही. कमी नगांना तेच परवडतं, प्लेट लागत नाही. पण ती शाई पीसच्या वर थर होऊन बसते. नखाने हात फिरवलात की खरखर लागते आणि कडेला ओरखडा लवकर उठतो. पॅडची शाई काही मायक्रॉनची, पीसशी एकजीव वाटते. फोटोत हा फरक दिसत नाही. विचारा त्यांना, कसं छापता म्हणून. पॅड म्हणाले तर एक-दोन मोक्याचे पीस घ्या, सगळा संच नको.

शिवाय पार्सल भारतात येणार. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 2020 च्या बजेटमध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेली आणि 2023 मध्ये 70 वर. त्यात कुरिअरवाल्याचे हाताळणीचे पैसे वेगळे. पाव किंमत म्हणता म्हणता ती अर्ध्यावर जाईल, आणि तेवढ्यात दुसरा चांगला सेट येतो.

काही गोष्टी राहिल्या. प्रिंटही अमर नसतो. सोनेरी-चंदेरी शाई हाताने घासून जाते, पोरं खेळणार असतील तर चेहरेही पुसट होतात. माझी बस कपाटात होती, म्हणून वर लिहिलेला निकाल खेळणाऱ्या घराला जसाच्या तसा लागू नाही. सेट रोजच्या उन्हात ठेवणार असाल तर प्रिंट की स्टिकर हा वाद सोडा, आधी पांढरे आणि निळे पीसच रंग बदलतात. आणि डाग काढायला थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात वापरू नका. छपाई जाईलच, ॲसिटोनने एबीएसही विरघळतं. कोमट पाणी आणि साबण पुरे.

पैसे भरण्याआधी एवढं करा. कंपनीच्या साइटवर प्रत्येक सेटची बांधणीची पुस्तिका फुकट उतरवता येते. ती पूर्ण चाळा. स्टिकर लावायच्या पायरीवर त्याचा नंबर दिलेला असतो. शेवटच्या पानांवरच्या यादीत प्रिंटेड पीस छपाईसकट दिसतात. समोरून दिसणाऱ्या किती जागा स्टिकरच्या आहेत ते मोजा. तोंडावरच्या तीन-चार असतील तर सेट घ्या आणि स्टिकर दुपारच्या उजेडात, चिमट्याने, स्वतः लावा. गाडीचं सगळं तोंडच स्टिकरचं असेल तर तो सेट सोडा आणि 2007 पासून चालू असलेल्या लेगोच्या मॉड्युलर (एकमेकींना जोडता येणाऱ्या) इमारतींकडे बघा, ती मालिका प्रिंटेड पीससाठीच ओळखली जाते.

दादाने हे वाचलं तर तो खाली येऊन लिहीलच. त्याला उत्तर देण्याआधी बसची डावी बाजू बघून घ्या, फोटो मागाल तर टाकतो.