डोळ्यांवर पिशवी चढवली, तर तो छळ म्हणायचा का?

इंद्रियवंचन, म्हणजे डोळे, कान, त्वचा यांना मिळणाऱ्या संवेदना तोडणं, हा छळाचाच एक प्रकार धरायचा की दोन्ही शब्द वेगळे ठेवायचे, असा प्रश्न आहे. मी वेगळे ठेवतो. इंद्रियवंचन हे एका अवस्थेचं नाव आहे. छळ म्हटलं की छळणारा आलाच. मिठाच्या कोमट पाण्यात, काळोख्या टाकीत तासभर तरंगायला लोक पैसे मोजून जातात. तिथे वंचन आहे, छळ नाही. कंटाळा आला की उठून बाहेर येता येतं.

मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांच्या गटाने विद्यार्थ्यांना दिवसाला २० डॉलर देऊन नुसतं पडून राहायला सांगितलं. चष्म्यातून उजेड येई, पण आकार दिसत नसत. हातांवर पुठ्ठ्याच्या नळ्या, कानांवर यंत्राची एकसुरी घरघर. बहुतेकांनी दोन-तीन दिवसांतच सोडून दिलं. काहींना नसलेली चित्रं दिसू लागली. म्हणजे अंधार लागतोच असं नाही! मेंदूला बदल हवा असतो, तो थांबला की पुरे. म्हणून मला 'वंचन' हा शब्द जरा फसवाच वाटतो. सतत कानठळ्या बसवणारा आवाजही वंचनच करतो, कारण मग दुसरं काही ऐकूच येत नाही.

१९७१ साली उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिशांनी हेच तंत्र स्थानबद्धांवर वापरलं: डोक्यावर पिशवी, अखंड आवाज, भिंतीला टेकवून तासन्‌तास उभं करणं, झोप नाही, अन्नपाणी तुटपुंजं. युरोपीय मानवी हक्क आयोगाने १९७६ मध्ये याला छळ म्हटलं. १९७८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालय मात्र 'अमानुष आणि मानहानिकारक वागणूक' इथेच थांबलं. 'छळ' हा कलंक त्याने त्याहून तीव्र यातनांसाठी राखून ठेवला. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्याच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की आजच्या निकषांवर हा छळच ठरेल. कृत्यं तीच होती, सरकली ती शब्दाची हद्द.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८४च्या छळविरोधी करारात मानसिक यातनाही येतात. पण त्या तीव्र हव्यात, हेतुपुरस्सर दिलेल्या हव्यात आणि त्यामागे सरकारी हात किंवा संमती हवी.

मराठीत आणखी एक घोळ आहे. 'किती छळतोस रे!' हे आपण लाडानेही म्हणतो, त्यामुळे शब्दाची धार बोथट होते. 'यातना' धारदार आहे, पण ती भोगणाऱ्याची. देणारा त्यात दिसत नाही. कोठडीतल्या प्रकाराबद्दल लिहिताना मी 'इंद्रियवंचन करून छळ' असं लिहितो. नुसतं 'इंद्रियवंचन' लिहिलं की करणारा वाक्यातून निसटतो.