स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही बरं का! लिबव्हर्टवरची प्रश्नोत्तरे

लिनक्सवर केव्हीएमची (एका सर्व्हरवर अनेक आभासी कॉम्प्युटर चालवायची लिनक्समधली सोय) व्हर्च्युअल मशीनं, म्हणजे व्हीएम, हातानं चालवायचे दिवस आता छोट्या ऑफिसांतही संपत आलेत. लातूरच्या क्लासेसपासून वाळूजच्या कारखान्यांपर्यंत कुणीतरी पायथॉनमधून लिबव्हर्टचा (व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) एपीआय, म्हणजे प्रोग्रॅममधून हुकूम द्यायची सोय, वापरायलंय, चांगलंच आहे. पण प्रश्न बघितले तर तेच ते, फक्त गावाचं नाव बदलतं. म्हणून एकदाच इथं लिहून ठेवतो, पुढं कुणी विचारलं की हेच दाखवायचं.

प्रश्न (लातूर): सर, लॅबमधली व्हीएम रात्री बंद करायला स्क्रिप्ट लिहिली. शटडाउन कॉल करतो, एरर येत नाही, शून्य रिटर्न होतं, तरी सकाळी निम्मी मशीनं चालूच. एपीआयमधे बग आहे का?

उत्तर: बग नाही. शटडाउन कॉल म्हणजे गेस्टला (व्हीएमच्या आतल्या सिस्टीमला) केलेली विनंती, एसीपीआयचं (चालू-बंदचा निरोप द्यायची ठरलेली पद्धत) पॉवर बटण दाबल्यासारखं. शून्य आलं म्हणजे विनंती पोचली, मशीन बंद झालं असं नाही. आत विंडोज अपडेट करत बसलं असेल, कुणी फाइल सेव्ह न करता उठून गेलं असेल, किंवा छोट्या लिनक्स इमेजमधे एसीपीआयकडं बघणारंच कुणी नसेल, तर तुमचा कॉल हवेत. कॉल केल्यावर दर काही सेकंदांनी ॲक्टिव्ह आहे का ते विचारा, दोनतीन मिनिटांची मुदत ठेवा, आणि गेस्टमधे क्यूएमू (व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम) गेस्ट एजंट, म्हणजे आत बसणारा मदतनीस प्रोग्रॅम, टाकला तर शटडाउन त्याच्यामार्फत पाठवता येतं, ते जास्त भरवशाचं. मुदत संपल्यावर स्क्रिप्टनं आपोआप डिस्ट्रॉय मारावं का, हे लॅबवाल्या सरांना विचारून ठरवा, पोरांचा प्रोजेक्ट त्यांच्याच गळ्यात येतो.

प्रश्न (हिंगोली): डिस्ट्रॉय म्हणलं की मशीन कायमचं जातं का?

उत्तर: नाही, डिस्ट्रॉय म्हणजे फक्त प्लग उपटणं, डिस्क जागेवर राहते, आणि मशीन डिफाइन केलेलं (लिबव्हर्टकडं कायमचं नोंदवलेलं) असेल तर त्याची नोंदही.

प्रश्न (नांदेड, विद्यार्थी): पिपनं (पायथॉनची पॅकेजं टाकायचं टूल) लिबव्हर्ट-पायथॉन टाकताना पीकेजी-कॉन्फिगची एरर येते. एका चॅनलवर सांगितलं की उबुंटू परत टाका.

उत्तर: उबुंटू परत टाकायला सांगणाऱ्याचं चॅनल आधी बंद कर. पिप तिथं सी मधला कोड कंपाइल करायला बघतं, त्याला लिबव्हर्टची डेव्हलपमेंट पॅकेजं लागतात, ती तुझ्याकडं नाहीत. सरळ ॲप्टमधून (उबुंटूचं स्वतःचं पॅकेज टूल) पायथॉन३-लिबव्हर्ट टाक. मग व्हेन्व्हमधे (पायथॉनचा प्रोजेक्टपुरता वेगळा कप्पा) इम्पोर्ट होत नाही म्हणून परत मेल करशील, तर आत्ताच सांगतो, व्हेन्व्ह बनवताना सिस्टीम साइट पॅकेजेसचा पर्याय चालू ठेव.

प्रश्न (परभणी): व्हर्ट-मॅनेजरमधे (व्हीएम दाखवणारं खिडकीवालं टूल) पाच मशीनं दिसतात, स्क्रिप्टमधे लिस्ट रिकामी येते.

उत्तर: एक जण क्यूएमू सिस्टीमला (अख्ख्या सर्व्हरची मशीनं) जोडलाय, दुसरा क्यूएमू सेशनला (एका युजरपुरती मशीनं), स्क्रिप्टमधला यूआरआय, म्हणजे जोडायचा पत्ता, बदला.

प्रश्न (धाराशिव): मी सेट मेमरीला ४०९६ दिलं, चालू मशीन एकदम गार पडलं, सर्व्हरची रॅम खराब असेल का?

उत्तर: रॅम ठणठणीत आहे ताई. ते फंक्शन किलोबाइटमधे आकडा मागतं, तुम्ही मशीनला ४ एमबीत बसवायला गेलात, मग ते गार पडणारच. ४ जीबीसाठी ४१९४३०४ द्या. आणि बदल चालू मशीनवर पाहिजे, साठवलेल्या कॉन्फिगमधे पाहिजे की दोन्हीकडं, तो फ्लॅग स्पष्ट द्या, नाहीतर उद्या रीबूटनंतर आकडा जुनाच दिसला म्हणून परत लिहाल.

प्रश्न (जालना, ट्रेडिंग ऑफिस): सर, आमच्याकडं एका सर्व्हरवर अकाउंटचं विंडोज व्हीएम आहे. आधीच्या पोरानं पायथॉनची स्क्रिप्ट लावून दिलेली, रोज रात्री स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं) घेते, बॅकअप म्हणून. डिस्क फुल झाली आणि व्हीएम पॉज होऊन बसलं. जागा करावी म्हणून फोल्डरमधली सगळ्यात जुनी, सगळ्यात मोठी फाइल डिलीट केली तरी जागा वाढली नाही. चार दिवस झाले, बिलं हातानं लिहायलोत. सर्व्हर रिस्टार्ट करून बघू का?

उत्तर: नाही, नाही आणि नाही. यांना मी लगेच फोनवर सांगितलं, इथं बाकीच्यांसाठी लिहितो, कारण हा प्रश्न जालन्याचा एकट्याचा नाही.

आधी काय झालं ते समजून घ्या. ती स्क्रिप्ट बाह्य स्नॅपशॉट घेत होती. बाह्य स्नॅपशॉट घेतला की चालू डिस्कची फाइल तिथंच गोठते आणि तिच्यावर एक नवी रिकामी क्यूकाऊ२ (क्यूएमूच्या डिस्कचा फॉरमॅट) फाइल चढते, इथून पुढचे बदल फक्त त्या नव्या फाइलीत. दुसऱ्या रात्री तिच्यावर अजून एक, तिसऱ्या रात्री अजून एक. साखळी वाढत जाते, मशीन हळू होत जातं, कुणी विलीन करत नाही, मग एक दिवस डिस्क भरते आणि लिहायला जागा नाही म्हणून क्यूएमू मशीन थांबवतं. इथपर्यंत काहीच गेलेलं नाही, जागा करून रिझ्यूम मारलं असतं तर मशीन पुढं चाललं असतं. पण डिलीट कुठली फाइल केली, तर सगळ्यात जुनी, म्हणजे साखळीचा पाया. अख्खं विंडोज आणि जुनी सगळी बिलं त्याच फाइलीत. मूळ खातेवही चुलीत घातली आणि खाडाखोडीच्या चिठ्ठ्या फायलीला लावून ठेवल्या, असा प्रकार. वरच्या पन्नास फाइली असल्या तरी पायाशिवाय त्यांना काही अर्थ नाही.

आता जागा का वाढली नाही, त्यातच सुटका आहे. लिनक्समधे एखादी फाइल एखाद्या प्रोसेसनं उघडून धरलेली असेल तर डिलीट केल्यावर फक्त नाव जातं, आतला डेटा ती प्रोसेस संपेपर्यंत डिस्कवरच राहतो. व्हीएम पॉज आहे म्हणजे क्यूएमूची प्रोसेस जिवंत आहे, म्हणजे फाइल अजून आहे. रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन प्रॉक फोल्डरमधे त्या प्रोसेसच्या नंबराखाली एफडी (उघड्या फाइलींची यादी) बघितलं की त्या फाइलीच्या नावापुढं डिलीटेड असं लिहिलेलं दिसतं. तिथून ती दुसऱ्या डिस्कवर कॉपी करता येते, आणि पायाची फाइल असल्यामुळं तिच्यावर आता कुणी लिहीत नाही, म्हणून कॉपी धड येते. सर्व्हर रिस्टार्ट केला, व्हीएम डिस्ट्रॉय केलं, लाईट गेली आणि यूपीएस बसलं, यातलं एक जरी झालं की संपलं, मग रिकव्हरीवाल्याकडं जा आणि तो मागंल ते द्या. चार दिवस तुम्ही या धोक्यावर बसून होता! पहिल्या तासाला फोन केला असता तर बरं झालं असतं.

कॉपी मिळाल्यावर ती जुन्याच जागी, जुन्याच नावानं, जुन्याच मालकी हक्कानं ठेवायची, मग मशीन बंद करून प्रत्येक फाइलीवर क्यूएमू-इमेजचं (डिस्क फाइली तपासायचं टूल) चेक चालवायचं, अख्ख्या फोल्डरची प्रत दुसरीकडं काढायची आणि त्यानंतरच साखळी ब्लॉक कमिटनं विलीन करायची. हे वाचून एकट्यानं करायला बसू नका. ज्यानं हे आधी केलंय असा माणूस शेजारी बसवा, गावात नसेल तर रिमोटवर घ्या, पण घ्या.

आता माझा नेहमीचा विषय, कंटाळा आला तरी वाचा. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही. तो त्याच सर्व्हरवर, बहुतेक वेळा त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की दोन्ही गेले. अंतर्गत स्नॅपशॉट तर त्याच क्यूकाऊ२ फाइलीच्या पोटात असतो. अपडेट मारायच्या आधी घ्यायचा, अपडेट नीट झालं की त्याच दिवशी काढायचा, एवढंच त्याचं काम. काहीजण म्हणायलेत की मग आम्ही चालू मशीनची फाइल सीपी कमांडनं कॉपी करतो. ते तर त्याहून वाईट, कॉपी सुरू असताना मशीन त्याच फाइलीत लिहीत असतं, तुम्हाला मिळते अर्धी आधीची अर्धी नंतरची फाइल, आणि हे कळतं कधी तर रिस्टोर करायच्या दिवशी.

लिबव्हर्टमधे बॅकअपसाठी वेगळा कॉल आहे, बॅकअप बिगिन, २०२० साली ६.० मधे आला. चालू मशीनची एका क्षणाची पूर्ण प्रत काढता येते, चेकपॉइंट (कुठपर्यंत प्रत घेतली त्याची खूण) ठेवले तर पुढच्या वेळी फक्त बदललेले भाग, आणि पुल पद्धतीत डेटा एनबीडीवरून (नेटवर्कवरून डिस्क वाचायची पद्धत) बाहेर ओढता येतो. स्वतः कोड लिहायचा नसेल तर यावरच बांधलेलं व्हर्टएनबीडीबॅकअप नावाचं ओपन सोर्स टूल आहे. गेस्ट एजंट टाका, म्हणजे प्रत काढायच्या क्षणी फाइलसिस्टीम गोठवता येते, विंडोजमधे हे व्हीएसएसमार्फत (विंडोजची स्वतःची प्रत काढायची सोय) होतं, डेटाबेस असेल तर हे टाळूच नका. प्रत दुसऱ्या मशीनवर न्या, आणि महिन्यातून एकदा ती उठवून, आत लॉगिन करून, कालचं बिल उघडतंय का बघा. स्क्रिप्टच्या लॉगमधे सक्सेस लिहिलेलं असतं, ते मला सांगू नका, जालन्याच्या लॉगमधेही रोज सक्सेसच होतं. आणि ज्यांच्या सर्व्हरवर अशी आधीच्या पोरानं लावलेली स्क्रिप्ट आहे त्यांनी आजच क्यूएमू-इमेजच्या इन्फोला बॅकिंग चेनचा पर्याय देऊन साखळी किती लांब आहे बघा, मशीन चालू असेल तर फोर्स शेअरचा पर्यायही लागतो. दोनतीनपेक्षा जास्त नावं दिसली तर काहीही डिलीट न करता जाणकाराला दाखवा.

प्रश्न (संभाजीनगर, एमआयडीसी): एक व्हेंडर म्हणतो केव्हीएम फुकटचं आहे, प्रॉडक्शनला चालत नाही, आमचं क्लाउड पॅनल घ्या. डेमो दिला तर खाली केव्हीएमच दिसलं.

उत्तर: दिसणारच. केव्हीएम २००७ च्या फेब्रुवारीत कर्नल २.६.२० मधे आलं, तेव्हापासून ते लिनक्सचाच भाग आहे. गूगलचा क्लाउड केव्हीएमवर चालतो, ॲमेझॉनचा नायट्रो हायपरव्हायजर (व्हीएम चालवणारा थर) केव्हीएमवर बांधलेला आहे, त्यांना चालतं आणि वाळूजच्या प्रेसशॉपला चालत नाही होय? पॅनल घेणं वाईट नाही, सपोर्टचे पैसे देणंही वाईट नाही, पण घाबरवून विकणारा माणूस मला पटत नाही. ब्रॉडकॉमनं २०२३ मधे व्हीएमवेअर (व्हीएमचं विकतचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) घेतल्यावर कायमची लायसन्सं बंद करून सबस्क्रिप्शन लावलं, तेव्हापासून हे पॅनलवाले फारच वाढलेत. त्याला लेखी विचारा: डिस्क साध्या क्यूकाऊ२ किंवा रॉ फॉरमॅटमधे बाहेर काढता येतात का, मशीनची एक्सएमएल (सगळी सेटिंग लिहिलेली फाइल) मिळते का, आणि लायसन्स संपलं त्या दिवशी बंद मशीन परत चालू होतं का. तिसऱ्या प्रश्नाला तो विषय बदलायला लागला तर चहा पाजून पाठवून द्या. सही करण्याआधी करार वकिलाला आणि तांत्रिक भाग बाहेरच्या माणसाला दाखवा.

प्रश्न (बीड): दादा, घरून स्क्रिप्ट चालवायला लिबव्हर्टचा टीसीपी पोर्ट उघडला, ऑथ नन (ओळख तपासणं बंद) ठेवलं, राउटरवर फॉरवर्ड केलं, मस्त चालतंय. पासवर्ड लावणं गरजेचं आहे का?

उत्तर: पुढचं वाचायच्या आधी राउटरवरचं फॉरवर्डिंग बंद करा. १६५०९ हा पोर्ट एन्क्रिप्शनशिवाय चालतो, आणि क्यूएमू सिस्टीमला लिहायची परवानगी असणं म्हणजे होस्टवर (व्हीएम ज्याच्यावर चालतात त्या सर्व्हरवर) रूट असणं, कारण होस्टची कुठलीही डिस्क एखाद्या व्हीएमला जोडून आत बघता येते. तुम्ही अख्ख्या जगाला रूट दिलंय. यूआरआयमधे क्यूएमू प्लस एसएसएच (एन्क्रिप्टेड जोडणी) लिहा, एसएसएचची की, म्हणजे किल्लीची फाइल, लावा, पासवर्डनं लॉगिन बंद करा, आणि तेही व्हीपीएनच्या आतून. टीएलएसचा (सर्टिफिकेटवर चालणारं एन्क्रिप्शन) १६५१४ पोर्ट आहे, पण सर्टिफिकेटं सांभाळायला कुणी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. पोर्ट किती दिवस उघडा होता ते सांगितलं नाही तुम्ही, त्यामुळं सर्व्हर स्वच्छ आहे असं धरू नका, सिक्युरिटीवाल्याकडून तपासून घ्या.

प्रश्न (अंबाजोगाई): आमच्याकडं लाईटीचा भरवसा नाही. लाईट आल्यावर मशीनं आपोआप चालू व्हावीत म्हणून काय करावं?

उत्तर: प्रत्येक मशीनवर सेट ऑटोस्टार्टला १ द्या, आणि लिबव्हर्टची सर्व्हिस बूटला चालू होते का ते सिस्टीमडीत (लिनक्सच्या सर्व्हिसा चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) बघा. पण तुम्ही चालू व्हायचं विचारलं, बंद कसं होतं ते विचारलंच नाही, आणि खरी वाट तिथंच लागते. लिबव्हर्ट-गेस्ट्स नावाची सर्व्हिस होस्ट बंद होताना गेस्टना शटडाउन किंवा सस्पेंड करते, तिच्यात मुदत नीट ठेवा, दहा विंडोज मशीनं अर्ध्या मिनिटात बंद होत नसतात. आणि होस्टला कळायला पाहिजे ना की बॅटरी संपत आलीय! मी जिथं जिथं बघतो तिथं यूपीएस कोपऱ्यात आणि त्याची यूएसबी वायर अजून खोक्यात पिशवीसकट. ती वायर सर्व्हरला लावा, नट नावाचं सॉफ्टवेअर टाका, बॅटरी कमी झाली की ते होस्टला शटडाउन सांगतं. घरच्या इन्व्हर्टरवर सर्व्हर चालवणाऱ्यांना हा निरोप मिळत नाही. एकदा रविवारी, सगळ्यांना सांगून, यूपीएसचा प्लग काढून बघा काय होतं. त्याआधी बॅटरीवाल्याकडून बॅटरी तपासून घ्या.

प्रश्न (उदगीर): दर सेकंदाला सगळ्या मशीनांची स्थिती विचारणारा लूप लिहिलाय, सीपीयू खातो.

उत्तर: खाणारच, विचारत कशाला बसता, लिबव्हर्टला कळवायला सांगा. लाइफसायकल इव्हेंट रजिस्टर करा, मशीन चालू, बंद, पॉज, क्रॅश झालं की तुमचं फंक्शन बोलावलं जातं. डिफॉल्ट इव्हेंट लूप कनेक्शन उघडायच्या आधी रजिस्टर करायचा आणि तो वेगळ्या थ्रेडमधे फिरत ठेवायचा, हे उलटं केलं की इव्हेंट येत नाहीत आणि लोक मला मेल करतात. कनेक्शन तुटलं तर परत जोडायचा कोडही लिहा, आणि जोडल्यावर एकदा सगळ्यांची स्थिती विचारून घ्या, मधल्या काळातले इव्हेंट परत मिळत नाहीत.

प्रश्न (सेलू): ईटीसी-लिबव्हर्ट फोल्डरमधली मशीनची एक्सएमएल नॅनो एडिटरनं उघडून बदलली तर चालते का?

उत्तर: नाही. वरतीच तिथं लिहिलेलं असतं की ही फाइल आपोआप बनते, हातानं बदलू नका. व्हर्श (लिबव्हर्टचं कमांड टूल) एडिट वापरा.