साठेखतातलं 'साठे' म्हणजे काय?

प्रश्न असा आहे: 'गावच्या जमिनीचं एक नोंदणी केलेलं साठेखत घरात आहे. वडील म्हणतात, खत झालंय, जमीन आपलीच. यातलं साठे म्हणजे काय, आणि वडिलांचं बरोबर आहे का?'

आधी शब्द. धान्याच्या साठ्याशी याचा संबंध नाही. मूळ शब्द साटेखत. साटं म्हणजे अदलाबदल, सौदा. दोन घरांनी एकमेकांच्या मुली सुना म्हणून करून घेतल्या की आपण साटंलोटं म्हणतो, त्यातलंच हे साटं. गुजरातीत या कागदाला आजही साटाखत म्हणतात, तिथं ट शाबूत आहे. आपल्याकडे सुटं 'साटं' बोलण्यातून मागं पडलं आणि ओळखीचं 'साठे' त्याच्या जागी बसलं असावं. आता वकीलही साठेखतच लिहितात, त्यामुळे त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही. पण मूळ कळलं की कागद कळतो: हे सौदा ठरल्याचं खत आहे, खरेदी झाल्याचं नाही.

वडिलांना कागदातली क्रियापदं वाचून दाखवा. साठेखतात 'विकण्याचे ठरविले आहे', 'उर्वरित रक्कम मिळताच खरेदीखत करून देईन' अशी वाक्यं सापडतील. खरेदीखतात 'कायम खरेदी दिली आहे', 'आजरोजी कब्जा दिला आहे' असं असतं. सगळा फरक त्या 'देईन' आणि 'दिली'मध्ये आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54 हेच सांगतं: विक्रीच्या नुसत्या कराराने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. साठेखताची नोंदणी झाली तरी तो ठरावच राहतो. लोक 'रजिस्टर केलंय' एवढ्यावर निर्धास्त होतात, हे मी आमच्याच नात्यात पाहिलं. आत्याने साठेखतावर घेतलेली जमीन वर्षानुवर्षं कसली, सात-बारावर नाव मात्र मूळ मालकाचंच. तिच्या ट्रंकेत जपून ठेवलेला कागद मी उलगडला, तर पहिल्याच पानावर 'करून देईन'.

म्हणून साठेखत कुचकामी आहे असं मात्र नाही. मालकाने शब्द फिरवला तर त्याच्याच आधारे कोर्टात जाऊन खरेदीखत करून मागता येतं. फक्त त्याला मुदत असते: कागदात तारीख ठरलेली असेल तर तिच्यापासून 3 वर्षं, नसेल तर मालकाने नकार दिल्याचं कळल्यापासून 3 वर्षं. तुमच्या कागदावर तारीख आहे का, ते आजच बघा.

खरेदीखताच्या मथळ्यावर कधीकधी 'कायम खूशखरेदी' दिसतं. खूश म्हणजे राजीखुशीने, कुणाच्या दबावाखाली नाही. 'कायम' हा शब्द त्याहून मोलाचा, कारण 'मुदत खरेदी'ही असते. ठरल्या मुदतीत पैसे फेडले की जमीन परत, अशी. दिसायला विक्री, आत बहुधा गहाण. मथळ्यात 'मुदत' दिसली तर पुढची अट शब्दन् शब्द वाचावी.

शहरातल्या फ्लॅटचा बिल्डरशी होणारा करारनामा नात्याने साठेखताचाच भाऊ. इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर यायला पुढे वेगळा दस्त लागतो, त्याला सरकारी मराठीत अभिहस्तांतरण म्हणतात. बिल्डरने तो करून दिला नाही तर 'मानीव अभिहस्तांतरण' मागावं लागतं. मानीव म्हणजे कायद्याने झालं असं मानलेलं.