त्वचेच्या पॅथॉलॉजीसाठी परदेशी निघताना

तुम्ही विचारलंत, त्वचेच्या पॅथॉलॉजीत, म्हणजे त्वचेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करण्याच्या शास्त्रात, संशोधनाला बाहेर जायचं तर विषय कोणता घ्यावा, कोणाचं काम पाहावं आणि मुलीला सोबत न्यावं का. व्हिसा-परीक्षांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर आहे, ती सोडतो.

गर्दी मेलॅनोमाकडे, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगाकडे, आहे. पॅथॉलॉजिस्ट ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये मांडलेली ट्यूमरची जाडी आजही रिपोर्टमध्ये मिलिमीटरमध्ये लिहावी लागते. मेलॅनोमाचे संशोधक बोरिस बॅस्टियन यांच्या गटाने पुढे दाखवलं की सतत उन्हात राहिलेल्या त्वचेवरचा आणि तळपायावरचा मेलॅनोमा जनुकीयदृष्ट्या वेगळे आहेत. पैसाही तिकडेच जातो. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल म्हणाल, तर स्टॅनफर्डचा २०१७ चा गाजलेला निबंध त्वचेच्या फोटोंवरचा होता, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या स्लाइडवरचा नव्हे. हा फरक लोक विसरतात.

माझं मन मात्र दाहजन्य आजारांत आहे. त्वचेचे पॅथॉलॉजिस्ट अॅकरमन यांनी १९७८ च्या पुस्तकात, आधी कमी भिंगाखाली दाहाची ठेवण बघा, मग पेशींकडे वळा, अशी पद्धत घालून दिली. तरीही लायकेन प्लेनस (खाजऱ्या, जांभळट पुरळाचा एक दाहजन्य आजार) आणि औषधाने उठलेलं तसंच पुरळ स्लाइडवर इतकं सारखं दिसू शकतं, की औषध कधी सुरू केलं हे कळल्याशिवाय निदान अडतं. इथे परदेशात मला बायोप्सीसोबत 'पुरळ, कारण?' एवढंच लिहिलेली चिठ्ठी मिळायची. पेशंट दिसत नाही, त्याच्या डॉक्टरांचा फोन लागत नाही. इथे येण्याआधी मी पेशंटची पाठ, तळवे, तोंडाच्या आतली बाजू स्वतः बघायचो. ते गेलं, आणि त्याची हळहळ मी घरीही कधी नीट बोललो नाही.

कागदपत्रांनी जीव काढला. दोन प्रमाणपत्रांवर नावाचं स्पेलिंग वेगळं, म्हणून परवाना अडला. तोवर स्लाइड मी वाचायचो, निदान मी करायचो, रिपोर्टवर सही दुसऱ्याची.

एकटेपणाचं फार मनावर घेऊ नका, काम असतं. मुलीचं मात्र घ्या. माझ्या मुलीला भाषा येत नाही म्हणून शाळेने एक इयत्ता खाली बसवलं. गणितात ती वर्गाच्या पुढे होती, कोणी तपासलंच नाही. आता ती मोठी झाली, विषय निघाला की गप्प होते. मला अजून राग येतो.

म्हणून नाव बघून लॅब निवडू नका. मुलाखतीत विचारा: त्वचारोगतज्ज्ञांबरोबर बसून स्लाइड बघायची बैठक दर आठवड्याला होते का, पेशंटचे फोटो मिळतात का, सही कधीपासून करता येईल. आणि शाळेकडून इयत्तेचं लेखी घेतल्याशिवाय रुजू व्हायची तारीख देऊ नका.