रोजच्या जगण्यात तक्रार सोडून कृतज्ञ कसं राहायचं?

तुम्ही विचारलंय की रोज प्रार्थना करूनही दिवसभर तोंडात तक्रारच असते, आणि सगळं मनाविरुद्ध चाललेलं असताना देवाचे आभार मानणं खोटं वाटतं, मग काय करावं? मी जळगाव जिल्ह्यातल्या रावेरकडची, घरची केळीची बाग आहे. मला जे कळलं ते मळ्यामुळेच कळलं, म्हणून तेच सांगते.

आमच्याकडे मेअखेर, जूनच्या तोंडाला वादळ येतं, आणि नेमका तेव्हाच मृगबागेचा, म्हणजे आदल्या पावसाळ्याच्या तोंडी लावलेल्या केळीचा, माल कापणीला आलेला असतो. एका वर्षी आमची अडीच एकर बाग वीस मिनिटांत आडवी झाली. खांब मधोमध मोडलेले, घड मातीत रुतलेले. चिकाने हात काळे होईपर्यंत आम्ही घड कापून बाजूला काढले, त्यातले निम्मेही व्यापाऱ्याने उचलले नाहीत. पुढचे दोन महिने मी नुसती कुरकुरत होते. पंचनामा लांबला म्हणून, नवरा बोलत नाही म्हणून, जाऊबाईंची बाग वाचली म्हणूनसुद्धा.

संध्याकाळी घरात प्रार्थना असते. एके दिवशी सासूबाईंनी सुरुवात केली, "बापा, हातातोंडाशी आलेला घास गेला. आता कर्ज कशानं फेडायचं? तू बघत होतास ना?" मी डोळे उघडून पाहिलं, त्या रडत होत्या. थोडं थांबल्या आणि त्याच रडक्या आवाजात म्हणाल्या, वादळाच्या तासभर आधी मळ्यातल्या बाया घरी पोचल्या, त्याबद्दल तुझे उपकार. एकेकीचं नाव घेतलं. मग विहिरीला पाणी आहे त्याबद्दल. कंद जमिनीत शाबूत आहेत, पील म्हणजे नवा फुटवा येईल, त्याबद्दल.

दुःख आम्हा दोघींचं एकच होतं. त्यांनी ते देवासमोर मांडलं, मी देव सोडून सगळ्यांना ऐकवत होते.

बायबलमध्ये थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल 'सर्व स्थितीत' उपकारस्तुती करा म्हणतो. 'स्थितीत'मधला हा 'त' नीट वाचा. बाग पडली त्याबद्दल आभार मानायला तिथे सांगितलेलं नाही. आणि 'कुरकुर न करता सर्व काही करा' हे फिलिप्पैकरांस लिहिताना तो स्वतः बंदिवासात होता, सुखात बसून केलेला उपदेश नाही तो.

बायबलमधल्या 'गणना' या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात इस्राएल लोक मान्ना, म्हणजे रानात देवाने दिलेलं अन्न, खाऊन कंटाळतात आणि मिसरातल्या काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण यांची आठवण काढून रडतात. कांदा-लसूण आठवला, तिथल्या गुलामीत विटा थापताना पाठीवर बसलेले मार विसरले. दोन महिने माझंही तेच झालं होतं. घरी परतलेल्या त्या बायांची मला एकदाही आठवण आली नव्हती.

आता मी काय करते? तोंडात तक्रार आली की आधी बघते, ही कुणाकडे न्यायची आहे. तलाठ्याची असेल तर अर्ज लिहून कार्यालयात जाते. कृतज्ञ माणसाने हक्काचं मागायचं नाही, असं माझ्या बायबलमध्ये तरी कुठे नाही. नवऱ्याची असेल तर त्यालाच सांगते, शेजारणीला नाही. बाकीची देवाला. आणि रात्री भाकरी थापताना त्या दिवसातली एक तरी गोष्ट नाव घेऊन आठवते. 'देवा, सगळ्याबद्दल आभार' असं मोघम म्हणत नाही, त्याने माझं मन हलत नाही. 'दुपारी पंचेचाळीस डिग्रीत पोस्टमन आला, त्याने आधी पाणी मागितलं आणि माठात गार पाणी होतं', असं काहीतरी.

अजूनही चुकते. शेतीची लाईट रात्री दोनला येते, नवरा पाणी फिरवायला निघतो, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द आभाराचा निघतोच असं नाही. मग दार लावून घेतल्यावर त्याच्या पायाखालच्या वाटेसाठी, विंचूकाट्यापासून राखण्यासाठी प्रार्थना करते, आणि तेवढ्यात कुरकुर मागे पडते.

आभार खोटे वाटत असतील तर आभारांपासून सुरुवात करू नका. आज रात्री बायबलमधलं स्तोत्र १३ मोठ्याने वाचा, सहाच वचनं आहेत. दावीद आधी देवाला विचारतो, कोठवर मला विसरणार? तुमचं जे असेल ते तिथे घाला, बागेचं, नोकरीचं, घरातल्या माणसांचं. शेवटच्या वचनात तो गाऊ लागतो. तिथपर्यंत तुम्ही आजच पोचाल असं नाही, पाचव्या वचनाशी थांबलात तरी चालेल, उद्या पुन्हा वाचा.