पांढरीच्या पोटातला पाऊस

आमच्या गिरणाकाठच्या शेताला लागून पांढरीचं टेकाड आहे. धाब्यावर (घराच्या सपाट मातीच्या छतावर) टाकायला गाव तिथूनच माती नेतं. रंगीत खापरं निघतात. त्यांना काही किंमत आहे का? (चाळीसगाव तालुका)

दादा, खापरांहून ती माती मोलाची आहे. पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंती. आणि त्यातच जळके दाणे, गुराढोरांची हाडं. जुन्या पावसाचा माग आम्ही पुरातत्त्ववाले यांवरूनच काढतो. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला इ.स.पू. १०००च्या पुढच्या थरांत ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शिकार वाढली. पाऊस ओढ देऊ लागला, शेती हातची गेली, असा अर्थ पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी त्यातून लावला. साधारण त्याच सुमारास तापी खोऱ्यातली जोर्वे संस्कृतीची, म्हणजे तांबं आणि दगडी हत्यारं वापरणाऱ्या शेतकऱ्यांची, गावं ओस पडली. ती कशामुळे, हे तुमच्या टेकाडासारख्या टेकाडांतच कळायचं. तुमच्याच तालुक्यातल्या बहाळला १९५२-५३ मध्ये म. न. देशपांडे यांनी उत्खनन केलं, तेही गिरणेच्याच काठी. ट्रॉली भरली की थर कालवले जातात. मग कोणता दाणा कोणत्या खापराच्या काळातला, हे सांगायला काहीच उरत नाही. हात जोडून सांगतो, धाब्यासाठी माती दुसरीकडून आणा.

खान्देशात शहामृग होते, हे खरं का? (धुळे)

खरं आहे. पाटणादेवीजवळच्या पाटणे इथं एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा मिळाला. काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. तेव्हा हिमयुग होतं, मोसमी पाऊस दुबळा होता. शहामृग मोकळ्या, कोरड्या गवताळ रानातला पक्षी. आज तिथं पावसाळ्यात धबधबे पाहायला गर्दी होते, तिथं कोणीतरी बसून ते कवच भोकं पाडून ओवलं, हे मनात आलं की मला आजही भरून येतं.

दुष्काळामुळे हडप्पाचे लोक आपल्याकडे आले का? (शहादा)

इतकं सरळ नाही. इ.स.पू. २२००च्या सुमारास पाऊस घटल्याच्या खुणा मेघालयातल्या मॉम्लूह गुहेत ठिबकत्या पाण्यानं वाढलेल्या चुनखडी स्तंभात सापडल्या. त्यावरूनच २०१८ मध्ये तेव्हापासूनच्या भूशास्त्रीय कालखंडाला ‘मेघालयन’ नाव मिळालं. पण सिंधूकाठची शहरं ओस पडली ती इ.स.पू. १९००च्या आसपास, म्हणजे तीनशे वर्षांनी. प्रवरेकाठी दायमाबादला उत्तर-हडप्पा काळाची, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या काळाची, खापरं आहेत, तेव्हा येणं-जाणं होतं हे नक्की. तापीकाठच्या सावळद्याची मडकी मात्र वेगळ्याच घडणीची आहेत. तिथले लोक दुष्काळातून पळून आलेले होते, असं मी म्हणणार नाही.

नांगरताना जुनी नाणी लागली तर? (साक्री)

जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, १८७८च्या गुप्तधनाच्या कायद्यानं ते बंधनकारक आहे. नाणी घासूनपुसून लख्ख करू नका. आणि ती नेमकी कुठल्या बांधापासून किती पावलांवर, किती खोल मिळाली, ते त्याच दिवशी लिहून ठेवा.